धाब्यावरचे नाना

नानांना घरी बोलावलं, की ते उंबऱ्यातच थबकतात. चपला पायात तशाच, समोर धरलेला पाण्याचा तांब्याही तसाच. मान मागे टाकून ते आधी वर पाहतात. नव्यानं ओळख झालेला यजमान कावराबावरा होतो. त्याला वाटतं, कोपऱ्यात जळमटं राहिली. घरातली सून पंखा पुसायचं फडकं शोधायला धावते. पण नानांना पंख्याशी काही कर्तव्य नसतं. ते छत वाचत असतात. एखादा डाग सापडला की चेहरा खुलतो. 'ही ओल आषाढातली नाही, परतीच्या पावसाची आहे,' असा निकाल देऊन मगच चपला काढतात. आणि छत धड असलं, वर पांढरंशुभ्र पीओपी, त्यात निळे दिवे, तर 'स्लॅब आहे होय' एवढंच म्हणतात आणि सुतकाच्या घरी टेकावं तसे सतरंजीच्या कडेला टेकतात.

नाना आमच्या सोयगावचे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. सोयगाव नकाशात मराठवाड्यात, पण अजिंठ्याच्या डोंगराच्या उत्तरेला, पायथ्याशी. जिल्ह्याच्या गावाला जायचं तर घाट चढावा लागतो. शेंदुर्णी-पाचोऱ्याला सरळ सपाट रस्ता. त्यामुळे सातबारा संभाजीनगरचा आणि सोयरीक, आठवडी बाजार, आखाजीचे झोके, वांग्याचं भरीत सगळं खानदेशी. उन्हाळाही खानदेशाकडूनच आलेला. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा गल्लीतली स्लॅबच्या घरातली माणसं दुपारची भाजून निघतात आणि हळूच एकेक करून नानांच्या ओट्यावर येऊन बसतात. नाना आत घेतात, चटई देतात, माठातलं पाणी देतात. फक्त त्याआधी दार अर्धंच उघडून विचारतात, 'कोण? स्लॅबवाले का?'

कारण नानांचं घर धाब्याचं. जुन्या गावात अशी घरं आता शोधावी लागतात. आत पाऊल टाकलं की आधी काहीच दिसत नाही. मग छपरातल्या सवण्यातून जमिनीवर पडलेला उजेडाचा चौकोन दिसतो, मग काळे कुळकुळीत खांब, मग नाना. भिंती हातभर नव्हे, दोन हात जाड. वर सपाट मातीचं छप्पर. या छपराची रचना नानांनी नोकरीभर पाढ्यांच्या तासाला पोरांकडून घोकून घेतली. अभ्यासक्रमात नव्हती, नानांच्या अभ्यासक्रमात होती. 'खालून वर म्हणा!' की वर्ग सुरू व्हायचा : उथळं, खांब, तुळई, कड्या, चिपा, पऱ्हाट्या, पाला, चिखल, माती! त्यातला एक विद्यार्थी आज एसटीत कंडक्टर आहे. नाना गाडीत चढले की तो आधी हे म्हणून दाखवतो आणि मग तिकीट फाडतो. पाला कशाचा, हा तोंडी परीक्षेचा प्रश्न. उत्तर : निंबाचा. का? वाळवी लागू नये म्हणून. ज्याला हे येत नसे त्याला भागाकार येऊन उपयोग नसे.

नानांचं वर्ष गुढीपाडव्याला सुरू होत नाही, आखाजीला सुरू होतं. माहेरवाशिणी येतात, झोके बांधले जातात, आंब्याचा रस निघतो आणि मुलींना सोडायला आलेले जावई दुसऱ्या दिवशी सकाळी छपरावर असतात, हातात घमेलं घेऊन. नानांचे तिन्ही जावई पहिल्या वर्षी परीटघडीच्या पांढऱ्या शर्टात आले होते. आता थोरले दोघं पिशवीत जुनी लुंगी घेऊनच येतात. धाकटा जावई संगणकातला माणूस, घरून काम करतो. तो दरवर्षी आखाजीच्या आसपास 'कंपनीत फार गडबड आहे' असं कळवतो. नाना म्हणतात, 'येऊ दे की संगणक पण. वर सावली करून देतो.'

काम सोपं दिसतं. मागच्या वर्षीचा वरचा थर सोलायचा, गवताची मुळं उपटायची, घुशींनी केलेली बिळं बुजवायची, नवी माती पसरायची, पाणी शिंपडून चोपायची. पण प्रत्येक पायरीला नानांचं शास्त्र आहे. माती खारी पाहिजे. साध्या मातीत पहिल्या पावसानंतर कुरण उगवतं आणि गवताच्या मुळांवाटे पाणी आत उतरतं. खारी माती गवताला वर येऊ देत नाही आणि भिजली की फुगून आपल्याच भेगा आपणच मिटवते. ती खारी आहे की नाही हे पाहायची नानांची प्रयोगशाळा म्हणजे जीभ. ट्रॅक्टर दारात येतो, नाना चिमूटभर माती तोंडात टाकतात, डोळे मिटतात. ट्रॅक्टरवाला श्वास रोखून उभा. 'अळणी आहे,' नाना म्हणतात आणि ट्रॅक्टर परत जातो. नानी आतून सगळं ऐकत असतात. 'भाजीत मीठ नसलं तर चार-चार दिवस कळत नाही या माणसाला,' त्या म्हणतात, 'मातीत मात्र बरोब्बर कळतं.'

ही माती येते जुन्या पांढरीतून. पिढ्यान्‌पिढ्या जिथे घरं पडली, पुन्हा उभी राहिली, पुन्हा पडली, त्या गावठाणाची ती राखट पांढरी माती. म्हणजे कुणाच्या तरी पडलेल्या भिंतीच नानांच्या डोक्यावर छप्पर होऊन बसलेल्या. ती चाळताना खापराचे तुकडे निघतात, काचेच्या बांगड्यांचे रंगीत तुकडे निघतात, क्वचित एखादा मणी. नानांनी ते सगळं बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात जपलंय. डब्यात एक काचेची गोटीही आहे. ती मात्र पुरातन नाही. वर्गात खेळणाऱ्या कुण्या पोराची जप्त केलेली. माती चोपून झाली, की नाना छपराच्या मधोमध उकिडवे बसतात आणि ती गोटी सोडतात. गोटी घरंगळत पन्हाळीकडे गेली तर उतार बरोबर. वाटेत थांबली, तर जिथे थांबली तिथे पाणी थांबणार. मग 'पाह्य, पाह्य! गोटी काय म्हणून राह्यली!' असा पुकारा होतो आणि थोरल्या जावयाला तेवढा भाग पुन्हा चोपावा लागतो. एका वर्षी ही गोटी पन्हाळीतून खाली जाऊन गटारात पडली. त्या दिवशी काम बंद. गल्लीतली सगळी पोरं गोटी शोधायला लावली. दुसरी चालणार नव्हती.

पण नानांचा सगळ्यात कडक नियम वेगळा आहे : जितकी टाकायची तितकी आधी काढायची. यावर ते थट्टा खपवून घेत नाहीत. एरवी 'स्लॅब बरी की धाबं' या विषयावर ते कुणाशीही, कितीही वेळ भांडतात. पण कुणी किल्लारीचं नाव काढलं की गप्प होतात. ३० सप्टेंबर १९९३ची ती पहाट. लातूर-धाराशिवकडच्या गावांत गणपती विसर्जन करून माणसं झोपली होती आणि दगडमातीच्या भिंतींवरची ती माळवदं त्यांच्या अंगावर आली. भूकंप काही जगातला फार मोठा नव्हता. पण दरवर्षी नवी माती टाकायची आणि जुनी तशीच ठेवायची, या सवयीनं कित्येक छपरांवर फूट-दोन फूट माती साचलेली होती. भिंतींना ते वजन पेललं नाही. त्यानंतर साऱ्या मराठवाड्यात लोकांचं मातीच्या छपरावरचं मन उडालं. आमच्याकडेही पत्रे आणि स्लॅब वाढले ते तेव्हापासूनच. नानांनी त्या वर्षीची दिवाळीची सुट्टी धाब्यावर काढली. वरून खणत खणत खाली गेले. एक थर स्वतःचा, खाली वडिलांचा, त्याखाली आजोबांचा. कुणीच कधी काही काढलं नव्हतं. निघालेल्या मातीचा दारापुढे एवढा ढीग झाला, की बैलगाडी वळेना. आजही नवं घमेलं वर चढण्याआधी जुनं खाली उतरलंय की नाही हे ते स्वतः शिडीजवळ उभं राहून पाहतात. त्या कामात जावयांनाही सूट नाही.

नानांबरोबर लेणी पाहायला जाणं हा एक स्वतंत्र अनुभव आहे. अजिंठ्याची लेणी ही त्यांना घरची गोष्ट. कुणी 'अजिंठा सिल्लोड तालुक्यात' म्हटलं की लगेच दुरुस्ती : 'गाव सिल्लोडात. लेणी सोयगाव तालुक्यात, लेणापुरात.' पहिल्या लेण्यात सगळी माणसं पद्मपाणीपुढे हरखून उभी असतात. नाना त्याच्याकडे पाठ करून छताच्या चौकटींतली कमळं पाहत असतात. एकोणीस आणि सव्वीस नंबरच्या चैत्यगृहांत तर त्यांना आवरणं कठीण. तिथे वर दगडातच लाकडासारख्या फासळ्या कोरल्या आहेत, ज्यांचा छताला आधार म्हणून काडीचा उपयोग नाही. 'डोंगर पोखरला, गळण्याची भीती नाही, तरी कड्या कोरल्या!' नाना गहिवरून सांगतात. 'छताला कडी नसेल तर घर वाटत नाही हो माणसाला.' आणि मग ठरलेला शेवटचा बाण : ही जगप्रसिद्ध चित्रं कशावर काढली आहेत? मातीच्या गिलाव्यावर. त्यात भाताचं तूस, गवताचे तंतू, शेण. 'दीड हजार वर्षं टिकला. तुमच्या स्लॅबची गॅरंटी किती आहे भो?' हा प्रश्न ते मार्गदर्शकालाही विचारतात. तो बिचारा किरायाच्या खोलीत राहतो.

अशात नातवानं त्यांना मोबाईलवर जपान दाखवला आणि आमच्या गल्लीचं उरलंसुरलं स्वास्थ्य गेलं.

शिराकावा नावाचं डोंगरातलं गाव आहे. बर्फ एवढा पडतो, की छपरं उभीच्या उभी करावी लागतात, नमस्काराला हात जोडल्यासारखी. जपानी लोक त्या बांधणीला म्हणतातही तेच. वर गवताचा जाडजूड थर, लाकडं दोरांनी आणि हिरव्या फांद्यांनी आवळलेली, पूर्वी माळ्यावर रेशमाचे किडे पाळायचे. १९९५ साली हे गाव जागतिक वारशात गेलं. ('आपली लेणी १९८३ साली गेली. बारा वर्षं आधी,' हे नाना कंसात सांगतात म्हणून मीही कंसातच लिहितो.) गवत तीस-चाळीस वर्षांनी बदलावं लागतं आणि ते एका घराच्या आवाक्यातलं काम नव्हेच. म्हणून आख्खं गाव जमतं. शे-दोनशे माणसं एकाच वेळी एका छपरावर. जुनं गवत उतरवतात, नवं चढवतात, दिवस मावळायच्या आत एक बाजू पुरी. आज तुझं, उद्या माझं. पैसे नाहीत, हिशेब मात्र चोख. या पद्धतीला ते 'युई' म्हणतात. नानांनी तो व्हिडिओ इतक्यांदा पाहिला की नातवाला स्वतःच्या खेळासाठी मोबाईल मिळेना.

तेव्हापासून कोणत्याही वादाचा शेवट 'जपानात' या शब्दानं होतो. नळाला पाणी आलं नाही, जपानात. कपाशीला भाव नाही, जपानात. १९९०च्या दशकात अजिंठा-वेरूळच्या विकासाला जपाननं कर्ज दिलं होतं, त्याचाही उलगडा नानांना आता झाला : 'उगाच देतील का? छपराची कदर असलेली माणसं आहेत ती.' एकदा तर ते फर्दापूरच्या फाट्यावर जाऊन थांबले. लेण्यांच्या बसमधून उतरलेला एक जपानी पाहुणा गाठला आणि मराठी, हिंदी आणि हातवारे यांच्या मिश्रणातून त्याला धाब्याची पूर्ण रचना समजावून दिली, खालून वर. पाहुणा सभ्य होता. तो प्रत्येक वाक्याला कमरेत वाकून मान डोलवत होता. नाना परत आले ते विजयी मुद्रेनं. 'पाल्याला मान डोलावली, चिखलाला डोलावली, खाऱ्या मातीला तर दोनदा!' जपानी माणूस 'ऐकतोय' एवढ्यासाठीसुद्धा मान डोलावतो, हे त्यांना सांगायची आमच्यापैकी कुणाची छाती झाली नाही.

त्या व्हिडिओतून निघालेली एक गोष्ट मात्र नानींना महागात पडली. त्या जपानी घरांत मधोमध जमिनीतच चूल असते, आणि तिचा धूर वर चढून गवताला, दोरांना, लाकडाला कीड लागू देत नाही. नाना ताडकन उठले. 'बघा! आपल्या कड्या काळ्या का आहेत? आणि गॅस आल्यापासून भुंगा का लागला?' तेव्हापासून आठवड्यातून एक दिवस घरात चूल पेटते. स्वयंपाकासाठी नाही, कड्यांसाठी. नानी पदर नाकाला लावून ओट्यावर येऊन बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, 'आत शेक चालू आहे. पेशंट वर आहे.' 'सगळा संसार धाब्यावर बसवला या माणसानं,' हेही त्या सांगतात, पण कुरडया वाळत घालायला त्यांना तेच धाबं लागतं. आणि कुरडयांच्या दिवसांत वर कुणी पाय ठेवायचा हे नाना नाही, नानी ठरवतात.

मग नानांनी सोयगावात 'युई' सुरू करायचं ठरवलं. गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप गेला : रविवारी सकाळी सहा वाजता, सर्वांनी आपापलं घमेलं घेऊन यावं. निरोपाला अंगठ्यांचा पाऊस पडला. रविवारी सहाला नाना शिडीखाली उभे. सहाला कुणी नाही. सातला एक जण आला, त्याला पोराच्या दाखल्यावर सही कुठे मिळते ते विचारायचं होतं. आठला दोघं आले, त्यांनी वर चढून वेताळवाडीच्या किल्ल्याकडे तोंड करून फोटो काढले आणि उतरले. समोरचे स्लॅबवाले आपल्या गच्चीत चहाचा कप घेऊन उभे राहिले आणि माती कशी पसरावी हे तिथूनच सांगू लागले. शेवटी काम केलं ते नेहमीच्याच मंडळींनी : दोन मजूर, दोन जावई, सुट्टीवर आलेले कंडक्टरसाहेब, मी आणि रसाच्या लालचेनं आलेली पोरं. दुपारी नानींनी खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आंब्याचा रस केला, तेव्हा मात्र पंगतीला जागा पुरेना. अंगठे दिलेले सगळे हजर, स्लॅबवालेही. मला वाटलं, नाना चिडतील. ते हातात रसाची बादली घेऊन वाढत होते. 'जपानातपण जेवायला जास्तच येत असतील,' मला म्हणाले. 'व्हिडिओत तेवढं दाखवत नाहीत.' आणि ज्यानं पोराच्या दाखल्याचं विचारलं होतं, त्याला आग्रह करून आणखी एक पोळी वाढली.

मागे एकदा घरकुलाचा सर्वे करणारा पोरगा आला. नवा होता. त्यानं बाहेरून मातीचं छप्पर पाहिलं, वहीत 'कच्चे घर' लिहिलं आणि दयेनं विचारलं, 'बाबा, पावसाळ्यात कुठं राहता?' नानांनी त्याला आत बसवलं. बाहेर ऊन रणरणत होतं, पोरगा सकाळपासून हिंडत होता. माठाचं पाणी प्याला, भिंतीला टेकला आणि पाच मिनिटांत घोरायला लागला. तासाभरानं जागा झाला तेव्हा नाना त्याची वही वाचत बसले होते. 'कच्चे' वर रेघ मारून त्यांनी वर लाल शाईनं नीट अक्षरात 'गार' असं लिहिलं होतं. खाली सहीसुद्धा.

घर गळत नाही असं नाही. गळतं. धाबं वळवाच्या धो-धो पावसाला भीत नाही. ते पाणी पन्हाळीतून धावत निघून जातं. त्याला भीती झडीची. पाऊस दिवसचे दिवस बारीक पिरपिरत राहिला की माती पोटभर पिते, आणि मग कुठून तरी पहिला थेंब सुटतो. त्या रात्री नाना झोपत नाहीत. डोक्यावर पोतं, हातात बॅटरी, काखेत कोरड्या मातीचं घमेलं. वर जाऊन पायानं दाबत फिरतात आणि खालून नानी ओरडून दिशा देतात : 'डावीकडं! अजून! देव्हाऱ्याच्या वर!' गळतीची नावं नानींनी ठेवलेली आहेत. ज्यानं तो भाग चोपला त्याचं नाव. थोरल्या जावयाची परातीत पडते, मधल्याची बादलीत. कंडक्टरसाहेबांचं एक छोटं पातेलं आहे. धाकट्या जावयाची गळती कुठेच नाही, कारण त्यानं कधी चोपलंच नाही. हे तो सासुरवाडीला अभिमानानं सांगतो.

मुलगा पुण्यात असतो. स्लॅब टाकू, मी पैसे देतो, असं दरवर्षी म्हणतो. नाना 'बघू' म्हणतात. नानांचं 'बघू' म्हणजे काय हे घरात सगळ्यांना माहीत आहे. पण पुण्यात मोठा पाऊस झाल्याचं टीव्हीवर दिसलं की रात्री कितीही वाजलेले असोत, नाना त्याला फोन लावतात. मागच्या पावसाळ्यात मी तिथेच बसलो होतो. फोन स्पीकरवर होता.

'तुमच्याकडं गळतं का रे?'

'नाही नाना. आम्ही आठव्या मजल्यावर आहोत. वर अजून सहा मजले आहेत.'

'वरच्याचं गळत असेल मग.'

'मला काय माहीत नाना! मी कधी गेलो नाही वर.'

नाना क्षणभर काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'राहून किती वर्षं झाली तुला तिथं? जाऊन ये. आणि जाताना रिकाम्या हातानं जाऊ नको, तुझ्या आईनं कुरडया पाठवल्यात त्यातल्या ने.'